घराच्या विम्याचं नूतनीकरण नाकारलं: ७७ दिवसांत काय काय केलं (कॅलिफोर्निया, पण इतरांनीही लिहा)

ओकसावली

नमस्कार मंडळी,

आम्ही सॅक्रामेंटोच्या पूर्वेला, एल डोराडो हिल्सला राहतो. घर घेऊन ११ वर्षं झाली. एकदाही क्लेम केला नाही, हप्ता कधी चुकला नाही. मार्चमध्ये विमा कंपनीचं पत्र आलं: २ जूनला पॉलिसी संपते आहे, पुढे चालू ठेवणार नाही. कारण एका ओळीत, वणव्याचा धोका. पत्र ओट्यापाशी उभ्यानेच वाचलं आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलंच नाही. आपल्याच घरातून कुणी आपल्याला परकं केल्यासारखं वाटलं. गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या चार मराठी घरांत हेच पत्र आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पत्र कुठलं आहे ते नीट वाचा. पॉलिसी रद्द होणं वेगळं आणि नूतनीकरण नाकारणं वेगळं. पॉलिसीला ६० दिवस उलटले की कॅलिफोर्नियात कंपनीला ती मधेच सहजी रद्द करता येत नाही. हप्ता थकला, खोटी माहिती दिली, अशी मोजकीच कारणं चालतात. मुदत संपल्यावर पुढे न चालवणं मात्र तिच्या हातात असतं. फक्त निदान ७५ दिवस आधी कारणासह लेखी कळवावं लागतं. आमच्या पत्रावर तारीख १७ मार्च होती, म्हणजे मोजून ७७ दिवस. नव्या कंपनीच्या अर्जात 'तुमची पॉलिसी कुणी रद्द केली होती का' असा प्रश्न असतो. तो शब्दशः वाचून खरं तेच लिहा. फक्त 'रद्द' विचारलं असेल तर नूतनीकरण नाकारलेल्याचं उत्तर 'नाही'. 'रद्द किंवा नूतनीकरण नाकारलं' असं असेल तर 'हो' आणि सोबत कारण. तिथे लपवलेलं पुढे क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

दुसरं, तुमचा झिप कोड राज्याच्या विमा खात्याच्या यादीत आहे का ते बघा. मोठ्या वणव्यानंतर राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली, की जळालेल्या भागातल्या आणि त्याला लागून असलेल्या झिप कोडमध्ये एक वर्ष कुठल्याही कंपनीला वणव्याच्या धोक्याचं कारण देऊन घरमालकाला काढता येत नाही. हा कायदा २०१८ चा आहे. आमचा झिप यादीत नव्हता. तुमचा असेल तर पत्र बिनबोभाट मागे घ्यावं लागतं, म्हणून फोनाफोनी सुरू करण्याआधी ही पाच मिनिटं काढा.

तिसरं, धोक्याचा स्कोअर मागा. २०२२ च्या नियमांपासून कंपनीला तुमच्या घराला दिलेला वणव्याचा स्कोअर सांगावा लागतो आणि त्याविरुद्ध अपीलही करता येतं. आमच्या फाइलमध्ये मागच्या अंगणातली लाकडी शेड दिसत होती. ती आम्ही दोन वर्षांपूर्वीच पाडली होती! विमानातून घेतलेला जुना फोटो होता. मी तारखेसकट नवे फोटो पाठवले. त्यांनी शेडची नोंद काढली, निर्णय मात्र बदलला नाही. तरी त्या पत्रव्यवहाराचा पुढे उपयोग झाला. नव्या ब्रोकरला दाखवायला 'शेड नाही' असं जुन्या कंपनीचंच लेखी मिळालं.

मग फोन. इथे माझे दहा दिवस फुकट गेले ते असे: मी एकेका कंपनीच्या एजंटला फोन करत होते. हे एजंट एकाच कंपनीची पॉलिसी विकतात, ती कंपनी आपल्या भागात नवीन घराचा विमा देत नसेल तर त्यांच्या हाती काही नसतं. २०२३ च्या मे महिन्यात स्टेट फार्मने कॅलिफोर्नियात घरांचे नवे अर्ज घेणं थांबवलं, ऑलस्टेट त्याआधीच थांबली होती. आपल्याला हवा तो स्वतंत्र ब्रोकर, जो अनेक कंपन्यांकडे एकदम विचारणा करतो, आणि तोही आपल्याच काउंटीतला, कारण कुठली कंपनी डोंगराच्या कुठल्या बाजूला अजून पॉलिसी देते हे त्यालाच ठाऊक. मी तीन ब्रोकर गाठले. सगळे तेच प्रश्न विचारतात, म्हणून एका वहीत लिहून ठेवलं: बांधकामाचं साल, छताचा प्रकार आणि ते कधी बदललं, विजेचं पॅनेल, नळाचे पाइप कशाचे, वॉटर हीटर किती जुना, जवळचा हायड्रंट किती फुटांवर, फायर स्टेशन किती मैलांवर. ही वही फोनशेजारी असली की प्रत्येक फोनची वीस मिनिटं वाचतात.

शेवटी आमच्या वाट्याला फेअर प्लॅनच आला. ही सरकारी योजना नाही, हा बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. राज्यात मालमत्तेचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांचा मिळून हा गट आहे, १९६८ पासूनचा, आणि कुणीच घेत नसेल त्या घराला तो आगीचा विमा देतो. घरासाठी कमाल मर्यादा ३० लाख डॉलर. पण तो आग, वीज पडणं, धूर, घरातला स्फोट एवढंच मुळात भरून देतो. पाइप फुटला, चोरी झाली, कुणी आपल्या पायरीवर पडून दावा लावला, यातलं काही त्यात नाही. त्यासाठी वेगळ्या कंपनीची जोडपॉलिसी घ्यावी लागते, तिला इथे डीआयसी म्हणतात. दोन्ही मिळून जुन्या पॉलिसीच्या जवळपास जातं.

आकडे: आधी वर्षाला २,१०० डॉलर भरत होतो. आता फेअर प्लॅनचे ३,८५० आणि डीआयसीचे १,१४०. दुखतंच. पण आमच्या काउंटीत २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅल्डोर वणवा पेटला, ग्रिझली फ्लॅट्स गाव त्यात गेलं, आणि आमच्या अंगणात कित्येक दिवस राख पडत होती. ती राख मी हाताने झाडली आहे. विम्याविना एक रात्रही झोपायची माझी तयारी नाही.

प्रश्न असतील तर विचारा. घराभोवती जे काम केलं त्यावर वेगळा प्रतिसाद लिहिते.

---

सान्होजेकर

फार उपयोगी धागा, ओकसावलीताई. आमचं घर लॉस गॅटोसच्या वरच्या अंगाला आहे. ब्रोकरने एका 'सर्प्लस लाइन्स' कंपनीचं कोट (हप्त्याचा अंदाज) आणलंय. एकाच पॉलिसीत सगळं येतंय, आणि फेअर प्लॅन अधिक डीआयसीपेक्षा ३०० डॉलर स्वस्त. घ्यावी का? नाव कधी ऐकलेलं नाही म्हणून धाकधूक होतेय.

---

पाटीपेन्सिल

सान्होजेकर, मी फ्रेझ्नोत विम्याच्या एजन्सीत १४ वर्षं आहे, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते.

या कंपन्या फसव्या नसतात, पण त्यांना राज्याचा नेहमीचा परवाना नसतो. याचे दोन अर्थ. त्यांचे दर राज्याच्या विमा खात्याकडून मंजूर होत नाहीत. आणि कंपनी बुडाली तर राज्याचा गॅरंटी फंड तुमचा क्लेम भरत नाही. शिवाय हप्त्यावर ३ टक्के राज्याचा कर वेगळा लागतो, कोटमध्ये तो धरलाय का विचारा, नाहीतर तुमचे ३०० डॉलर तिथेच कमी होतील.

मी माझ्या गिऱ्हाइकांना तीन गोष्टी बघायला सांगते. ए. एम. बेस्टचं (ही संस्था विमा कंपन्यांची आर्थिक ताकद तपासते) रेटिंग 'ए' किंवा वर आहे का. वणव्यासाठी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, वेगळं आणि टक्केवारीत आहे का. आणि वर्षाच्या मध्ये सोडली तर किमान किती हप्ता ते ठेवून घेतात. अनेकदा पहिल्याच दिवशी चौथा हिस्सा त्यांचा होतो. हे तिन्ही ठीक असेल तर अवश्य घ्या. एकच पॉलिसी असली की क्लेमच्या वेळी 'हे त्यांच्याकडे मागा' असं दोन कंपन्यांमध्ये टोलवाटोलवीत आपले हाल होत नाहीत.

ओकसावली, तुमच्या पोस्टमध्ये एक भर घालते. फेअर प्लॅनच्या अर्जात घराची भरपाई घसारा वजा करून हवी की नव्याने बांधण्याच्या खर्चाइतकी, हा पर्याय असतो. स्वस्त पडतो म्हणून लोक पहिला घेतात. वीस वर्षं जुन्या छताचे घसारा वजा जाऊन किती उरतात ते कंपनीला विचारून बघा, मग ठरवा. दुसरा घ्या. पैसे वाचवायचे तर डिडक्टिबल वाढवा, पण हे तोडू नका.

---

टँपाकर

फ्लोरिडातून लिहितोय. आमच्याकडे वणव्याच्या जागी चक्रीवादळ, बाकी कहाणी तीच. इथे नूतनीकरण नाकारायचं तर १२० दिवस आधी कळवावं लागतं. फेअर प्लॅनच्या जागी 'सिटिझन्स' आहे, आणि ती मात्र राज्यानेच उभी केलेली. तिचा नियम लक्षात ठेवा: खासगी कंपनीचं कोट सिटिझन्सच्या दरापेक्षा २० टक्क्यांहून जास्त महाग नसेल, तर सिटिझन्स तुम्हाला घेत नाही. आत असलात तरी खासगी कंपनी तुमची पॉलिसी उचलायला तयार झाली, तर नूतनीकरणाच्या वेळी हाच २० टक्क्यांचा नियम लागतो. शिवाय सिटिझन्सच्या गिऱ्हाइकांना पुराचा वेगळा विमा टप्प्याटप्प्याने सक्तीचा होतोय, २०२७ पासून त्यांतल्या जवळपास सगळ्यांनाच.

छताबद्दल: १५ वर्षांपेक्षा नवीन छत असेल तर केवळ छताच्या वयावरून कंपनीला नाही म्हणता येत नाही, असा कायदा २०२२ मध्ये झाला. आणि वाऱ्याची तपासणी करून घ्या. इन्स्पेक्टर पोटमाळ्यावर चढून छत भिंतींना कशाने बांधलंय, नुसत्या खिळ्यांनी की धातूच्या पट्ट्यांनी, त्याचे फोटो काढतो. आमच्याकडे पट्ट्या निघाल्या आणि हप्ता बराच उतरला. त्या पट्ट्या आधीपासून तिथेच होत्या, कुणी फॉर्म भरला नव्हता इतकंच.

---

गोदाकाठ

आमचा अनुभव सांगते, कारण भारतवारी करणाऱ्यांना तो लागू पडेल. डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी नाशिकला गेलो, सात आठवडे राहिलो. टपाल पोस्टात थांबवलं होतं. नूतनीकरण नाकारल्याचं पत्र त्या गठ्ठ्यात होतं. परत आल्यावर जेट लॅग, मुलांची शाळा, गठ्ठा तसाच टेबलावर. पॉलिसी संपून बारा दिवस झाल्यावर मॉर्गेज कंपनीच्या पत्रावरून कळलं.

मग त्यांनी स्वतःहून विमा लावण्याची तयारी चालवली. हा विमा कर्ज देणाऱ्याच्या पैशांचं रक्षण करतो, आपल्या सामानाचं नाही, आणि भयंकर महाग असतो. सुदैवाने केंद्राच्या नियमाप्रमाणे हप्ता लावण्याच्या किमान ४५ दिवस आधी त्यांना पत्र द्यावं लागतं, पुढे आणखी एक आठवणपत्र. त्या मुदतीत आम्ही धावपळ करून पॉलिसी मिळवली. पण मधे जो खंड पडला तो प्रत्येक कंपनीने विचारला, दोघांनी त्यावरूनच नाही म्हटलं. त्या बारा दिवसांत काही झालं असतं तर... मी अजूनही तो विचार पूर्ण करू शकत नाही.

जाण्याआधी पॉलिसी कधी संपते ते बघा, कंपनीच्या खात्यात ईमेल चालू करा, आणि शेजाऱ्याला विमा कंपनीच्या लिफाफ्याचा फोटो पाठवायला सांगा.

---

पाटीपेन्सिल

गोदाकाठ, बरं झालं लिहिलंत. बँकेने लावलेला विमा ज्या दिवसांसाठी होता त्याच दिवसांत तुमची स्वतःची पॉलिसी चालू होती असं दाखवलंत, तर त्या दिवसांचे पैसे १५ दिवसांत परत द्यावे लागतात. नवी पॉलिसी मिळाली की पहिल्या पानाची प्रत त्याच दिवशी मॉर्गेज कंपनीला पाठवा, कर्जाचा नंबर घालून. हप्ता एस्क्रोतून (मॉर्गेज कंपनी ज्या खात्यातून आपल्या वतीने विमा भरते त्यातून) जात असेल तर जुन्या कंपनीला चुकून पैसे जाऊ नयेत म्हणून फोनही करा.

---

निळाडोंगर

आमचं कर्ज फिटलंय. मी ६३ वर्षांचा. कोट आलंय वर्षाला ७,२०० डॉलर. तेवढे पैसे दरवर्षी बाजूला टाकले आणि विमाच घेतला नाही तर? मनापासून विचारतोय.

---

ओकसावली

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, आमच्या घरातही तो निघाला होता. दहा वर्षांत ७२ हजार साठतील. घर दुसऱ्याच वर्षी गेलं तर हाताशी १४ हजार आणि जळालेला प्लॉट. निवृत्तीनंतर पुन्हा घर बांधायला कर्ज कोण देणार? आणि आगीपलीकडचं बघा. अंगणातलं झाड शेजारच्या गाडीवर, माणसावर पडलं तर तो दावा थेट तुमच्या बचतीवर येतो. हप्ता झेपतच नसेल तर डिडक्टिबल दहा हजारांवर न्या, सामानाची रक्कम कमी करा, पण घराच्या बांधणीचा आणि जबाबदारीचा विमा सोडू नका, अशी माझी हात जोडून विनंती.

---

पॅसाडेनाकर

काका, मी ओकसावलींशी पूर्ण सहमत. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळ ईटन वणवा पेटला, त्या रात्री आम्ही अल्टाडेनातल्या मित्राला फोन करून उठवलं. तो, बायको, दोन मुलं आणि कुत्रा आमच्याकडे पहाटे पोचले. सकाळपर्यंत त्यांचं घर नव्हतं. त्यांचा विमा होता, म्हणून निदान भाड्याच्या घरात आहेत आणि नकाशे मंजुरीला गेलेत.

क्लेममध्ये त्याला सगळ्यात जड गेली ती सामानाची यादी. घरात काय काय होतं हे आठवून लिहायचं. त्याची बायको स्वयंपाकघराच्या यादीला बसली आणि पुरणयंत्रापाशी थांबली. सासूबाईंनी दिलेलं पितळी पुरणयंत्र, त्याची किंमत काय लिहायची? ती तासभर तशीच बसून होती.

आज संध्याकाळी फोन घ्या आणि प्रत्येक खोलीचा, प्रत्येक कपाट उघडून, व्हिडिओ काढा. बोलत बोलत काढा, काय आहे, कधी घेतलं. आणि तो घराबाहेर कुठेतरी साठवा. दागिन्यांचं पण बघा. साध्या पॉलिसीतही चोरीला गेलेल्या दागिन्यांची मर्यादा बहुधा १,५०० डॉलरच्या आसपास असते. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र घरात ठेवत असाल तर त्यांची वेगळी नोंद आणि मूल्यांकन लागतं. फेअर प्लॅनमध्ये तर चोरी मुळातच नाही.

---

डॅलसवासी

टेक्सासात आमचं कारण वेगळं होतं. तीन वर्षांत दोन क्लेम: एकदा गारपिटीने छत, एकदा डिशवॉशरची गळती. गळतीचे हातात आले जेमतेम ९०० डॉलर आणि त्यापायी पॉलिसी गेली. आज विचारलंत तर एवढ्याशा रकमेसाठी क्लेम करूच नका म्हणेन.

आपले जुने क्लेम 'क्लू' नावाच्या अहवालात सात वर्षांपर्यंत राहतात आणि नवी कंपनी आधी तोच बघते. लेक्सिसनेक्सिसकडून वर्षातून एकदा तो फुकट मागवता येतो. मी मागवला तर घराच्या आधीच्या मालकाचा एक क्लेम माझ्या नावावर लागलेला! लेखी तक्रार करून काढून घेतला, महिना गेला. म्हणून पत्र आल्या आल्या हा अहवाल मागवा.

---

सांगलीचा

तुम्हा सगळ्यांचं वाचून अंगावर काटा आला. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि विमा हा शब्दही आमच्या घरात कुणाला सुचला नव्हता. इकडच्या वाचकांसाठी एवढंच: १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप त्यात येतात आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. आम्ही आता घेतली आहे. परदेशातल्या मुलांनी आईवडिलांच्या घरासाठी एकदा विचारावं.

---

ओकसावली

सांगलीचा, हे माहीत नव्हतं. पुण्यात आईच्या फ्लॅटसाठी आजच भावाला कळवलं.

आता घराभोवतीच्या कामाबद्दल. फायर डिस्ट्रिक्टच्या (इथल्या अग्निशमन दलाच्या) माणसाला बोलावलं, ही भेट आम्हाला मोफत मिळाली. त्याने घराला एक चक्कर मारली आणि सांगितलं, की बहुतेक घरं समोरून येणाऱ्या ज्वाळांनी पेटत नाहीत. वाऱ्यावर उडून आलेले निखारे कुठेतरी शिरतात, तिथून आग लागते. म्हणून घराच्या भिंतीपासूनचे पहिले पाच फूट बघायचे. त्या पट्ट्यात जळेल असं काही नको.

आमच्या त्या पाच फुटांत काय काय निघालं! खिडकीखालची ज्युनिपरची झुडपं, लाकडाचा भुसा पसरलेला वाफा, कॉयरचं पायपुसणं, घराला चिकटलेलं लाकडी कुंपण, आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी लाकडी कुंडीतली माझी तुळस. ज्युनिपर मुळापासून काढलं. भुशाच्या जागी खडी टाकली. कुंपणाचा भिंतीलगतचा भाग काढून लोखंडी फाटक बसवलं. तुळस सिमेंटच्या वृंदावनात लावून अंगणाच्या मध्यावर नेली. पहिले चार दिवस पावलं सवयीने दाराकडे वळत होती. आता सकाळी पाणी घालायला अंगणात जाते, तिथे ऊनही जास्त मिळतं, मंजिऱ्या धरल्या आहेत.

हे सगळं फोटोंसकट फेअर प्लॅनला पाठवलं. 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' या नियमाखाली अशा कामांसाठी कंपन्यांना हप्त्यात सूट द्यावीच लागते. ब्रोकरला तोंडाने विचारा, आपोआप कुणी लावत नाही. शेजारची २३ घरं मिळून 'फायरवाइज' (वणव्यापासून जपणारी वस्ती) म्हणून नोंदणी करतोय, त्याचीही वेगळी सूट असते. आणि ब्रोकर दर सहा महिन्यांनी आमचं घर नेहमीच्या कंपन्यांकडे पुन्हा पाठवणार आहे. फेअर प्लॅनमध्ये कायम राहायचं नाहीये.

---

सान्होजेकर

पाटीपेन्सिल, ए. एम. बेस्टचं रेटिंग 'ए' निघालं, कर धरून फरक १३० डॉलर उरला, वणव्याचं डिडक्टिबल वेगळं नाही. घेतली पॉलिसी. मनापासून आभार.

ओकसावलीताई, पोटमाळ्याच्या व्हेंटना (हवेच्या झरोक्यांना) जाळी बसवायची म्हणतात, ती कुठली घेतलीत?

---

ओकसावली

हार्डवेअरच्या दुकानात धातूची जाळी मिळते, एक अष्टमांश इंचाची किंवा त्याहून बारीक घ्या. पाव इंचाची जुनी असेल तर बदला, तिच्यातून निखारे आत जातात. प्लास्टिकची किंवा फायबरची नको, वितळते. आमचे अकरा व्हेंट होते, एका शनिवारी झाले. छताखालच्या टोकाला एक व्हेंट झुडपामागे लपलेला असतो, तो विसरू नका.